केळीच्या बागेत उतरलेलं तुऱ्याचं पाखरू: आधी ऊब, मग दाणा

प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळच्या एका तरुण केळी उत्पादकाचा आहे. थोडक्यात असा: ऐन पौषाच्या थंडीत सकाळी ठिबकच्या नळ्या बघायला बागेत गेलो, तर बांधावरच्या शेवरीवर एक अनोळखी पाखरू बसलेलं. कबुतराहून लहान, अंगानं राखाडी, चेहरा नि तुरा पिवळा, गालावर नारिंगी ठिपका, शेपूट लांब. जवळ गेलो तरी उडालं नाही, हात पुढे केला तर मनगटावर येऊन बसलं. घरी आणून कोंबडीच्या डालग्याखाली ठेवलंय. दूध-पोळी दिली, हिरवी मिरची दिली, खात नाही. पिसं फुगवून डोळे मिटून बसतं. सायबेरियातून आलंय का? हतनूर धरणाच्या पाण्यावर नेऊन सोडू का? आई म्हणते मुकं पाखरू कोंडणं पाप आहे, शेजारी म्हणतात गुन्हा दाखल होतो. काय करू?

भाऊ, हा कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला कॉकाटील आहे; बाकीचं नंतर वाचा. आधी ते पाखरू डालग्याखालून काढा. डालगं चारी बाजूंनी उघडं असतं आणि खालची फरशी किंवा जमीन या दिवसांत बर्फासारखी गार पडलेली असते. तुमच्याकडे निर्यातीच्या केळीचं पॅकिंगचं खोकं नक्की असेल, ज्याला बाजूनं हवेची भोकं असतात. याहून चांगली सोय दुकानात मिळणार नाही. तळाला जुनं सुती कापड घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. एका बाटलीत गरम पाणी भरा, तिला कापडाचे दोन वेढे द्या आणि खोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवा. एकाच कोपऱ्यात म्हणजे एकाच कोपऱ्यात. पाखराला गरम झालं तर दुसऱ्या बाजूला सरकता आलं पाहिजे. बाटली दीड-दोन तासांनी बदलत राहा. आतली हवा २८ ते ३० अंशांच्या आसपास राहिली की पुरे. खोक्यावर वरून पातळ चादर टाका, अंधार झाला की त्याची धडधड कमी होते.

बल्ब लावायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: हल्लीच्या एलईडी बल्बनं उजेड पडतो, ऊब येत नाही. जुना तारेचा ४० वॉटचा असेल तर चालेल, पण खोक्याबाहेर आणि पुठ्ठ्यापासून वीतभर लांब. खेड्यात रात्री वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून मी बाटलीच सांगतो. शेगडी, निखारे, शेकोटी यांच्याजवळ मात्र अजिबात ठेवू नका. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे धूर नि विषारी वायू त्यांना माणसाच्या कितीतरी आधी मारतात. केळीवर थंडीचा चरका पडू नये म्हणून तुम्ही लोक या रात्रींत बागेत धूर करता. तो वाऱ्यानं घरात येत असेल तर खोकं आतल्या खोलीत हलवा. स्वयंपाकघरही टाळा. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनं बंद खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरतो.

ऊब बरोबर आहे की नाही हे पाखरूच सांगतं. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, पंख अंगापासून लांब धरत असेल तर जास्त झालं. पिसं फुगलेली, डोळे मिटलेले आणि प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर होत असेल तर ऊब कमी पडतेय किंवा आजार छातीत उतरलाय. पिसं अंगाला बसली, दोन पायांवरून एका पायावर आलं आणि डोळा उघडा राहिला, की पहिला घाट ओलांडला असं समजा.

आता खाणं. दूध-पोळी काढून घ्या, पक्ष्याला दूध पचत नाही. मिरचीनं अपाय नाही, पण पोटही भरत नाही. तुमच्या घरात बाजरी असेलच. मूठभर कोरडी बाजरी पसरट झाकणात ओता आणि कणीस शिल्लक असेल तर तेच आत आडवं टाका. बाजारात राळा मिळाला तर उत्तम. ही जात गवताचं बी जमिनीवर फिरून टिपणारी आहे, त्यामुळे वर टांगलेल्या भांड्यापेक्षा खाली पसरलेला दाणा तिला लवकर ओळखू येतो. खोक्यावर बोटानं टकटक करा आणि दाण्यात बोट फिरवा. सोबतीचा पक्षी खातोय असं वाटून पुष्कळदा ते खायला लागतं. पाणी कोमट, उथळ झाकणात. ड्रॉपरनं किंवा सिरिंजनं चोचीत ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, अशक्त पाखराला गिळायचं भान नसतं आणि पाणी सरळ फुप्फुसात जातं. माझ्याकडे उशिरा आणलेल्या पक्ष्यांत थंडीनं दगावणाऱ्यांइतकेच या मायेच्या पाण्यानं दगावणारे असतात, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

आणि ऊब आधी, दाणा मग. गारठलेल्या पक्ष्याची पचनक्रिया थांबलेली असते. पोटात गेलेलं तिथंच कुजतं.

एवढं केलंत की ओळखीकडे वळू. तुमच्या वर्णनात शंकेला जागा नाही. हा कॉकाटील आहे, आपल्याकडचे दुकानदार ज्याला कॉकटेल म्हणतात तो. काकाकुवाच्या कुळातला सगळ्यात लहान पक्षी. वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम, शेपटीसकट लांबी ३० ते ३३ सेंटिमीटर. चेहरा भडक पिवळा म्हणताय त्यावरून बहुधा वयात आलेला नर आहे. मादीचा चेहरा राखाडीकडे झुकलेला असतो आणि तिच्या शेपटीच्या खालच्या बाजूला बारीक आडव्या रेघा असतात. शेपूट खालून पाहा, खात्री होईल. पांढरे, पिवळे, ठिपक्यांचे कॉकाटील दिसतात ते सगळे माणसानं पैदाशीत काढलेले रंग.

मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या माळांवर. सायबेरियाशी याचा काही संबंध नाही, आणि तो ऑस्ट्रेलियाहूनही उडत आलेला नाही. त्या देशानं आपल्या रानपक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६० सालीच बंद केली. जगभर विकले जाणारे कॉकाटील पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले आहेत. म्हणजे तुमचा पाहुणा फार तर फैजपूर, रावेर, भुसावळ किंवा सीमेपलीकडच्या बऱ्हाणपूरच्या कुणाच्या तरी गॅलरीतून सुटलेला असणार. दाणापाणी बदलताना दार उघडं राहतं, किंवा रात्री मांजराच्या नुसत्या सावलीनं ही जात दचकून पिंजऱ्यात सैरावैरा धडकते आणि कमकुवत दार उघडतं. सरळ रेषेत वेगानं उडणारा पक्षी आहे. घाबरून उठला की वाऱ्यासोबत काही किलोमीटर सहज जातो आणि परतीची वाट त्याला ठाऊक नसते.

पुरावा हवा असेल तर पाय पाहा. पैदास करणारे पिल्लू लहान असतानाच त्याच्या पायात अखंड कडी चढवतात. पाय वाढला की ती निघत नाही. त्यावर अक्षरं-आकडे असतील तर लिहून ठेवा. कडी नसेल तर पंख अलगद उघडून पाहा. बाहेरची मोठी पिसं कात्रीनं सरळ रेषेत कापलेली असतील, शेपटीची टोकं जाळीवर घासून झिजलेली असतील, नखं वळून लांब झाली असतील, तर पिंजऱ्याचं आयुष्य स्वतःच बोलतं. आणि सगळ्यात मोठी खूण तुम्ही सांगितलीतच: ते तुमच्या मनगटावर येऊन बसलं. या पक्ष्याला थव्याशिवाय जगता येत नाही. पिंजऱ्यात वाढलेल्याचा थवा म्हणजे माणसं. रात्रभर एकटा काढल्यावर सकाळी पहिला माणूस दिसला, तो थव्यात परत आला.

इथे थोडं थांबून दुसऱ्या बाजूचंही सांगतो, कारण हिवाळ्यात खानदेशात खरे पाहुणे पुष्कळ येतात आणि त्यांच्या बाबतीत वागायची रीत अगदी उलटी आहे. हतनूरच्या फुगवट्यावर, चांगदेवला पूर्णा तापीला मिळते त्या पट्ट्यात, या दिवसांत चक्रवाक असतात, तलवार बदकं असतात, मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब उतरतात. दादर ज्वारीच्या शेतावर भोरड्यांचे थवे पडतात, ते मध्य आशियातून आलेले. अंगणात शेपूट थरथरवणारा थिरथिरा, नदीकाठचे धोबी पक्षी हेही पाहुणेच. यातला कुठलाही धडधाकट पक्षी तुम्हाला जवळ येऊ देणार नाही. जवळ येऊ दिलं तर तो आजारी, जखमी किंवा थकून गळालेला आहे. त्याला अंधाऱ्या खोक्यात शांत विश्रांती द्यायची, वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवायचं आणि उडण्याजोगा झाला की तिथंच मोकळा करायचा. त्याचं घर बाहेर आहे. तुमच्या पाखराचं नाही.

आणखी एक. पाखरू ओळखीचं नाही म्हणून ते लगेच परदेशी ठरवू नये. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर कुणाच्या खात्रीलायक पाहण्यात नव्हतं, संपलंच असं धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते आपल्याच शहाद्याजवळच्या जंगलात सापडलं. म्हणून सातपुड्याच्या अंगानं काही वेगळं दिसलं तर आधी लांबून फोटो, मग जाणत्याला विचारणा, आणि हात सगळ्यात शेवटी. तुमच्या पाखरानं स्वतःच हात मागितला, तिथे तुम्ही बरोबर वागलात.

आता हतनूरला सोडण्याबद्दल. कृपा करून सोडू नका. लोक म्हणतात परदेशी पाखरू आपल्या थंडीत टिकत नाही. हे अर्धंच खरं आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी अ‍ॅलिस स्प्रिंग्जसारख्या ठिकाणी जुलैतल्या रात्री सरासरी ४-५ अंशांपर्यंत उतरतात आणि रानटी कॉकाटील त्यात मजेत राहतात. मग आपल्या ८-९ अंशांत तुमचं पाखरू का गळालं? कारण रानटी पक्षी संध्याकाळी गळ्याखालची पिशवी दाण्यांनी गच्च भरून झोपतो आणि रात्रभर तेच इंधन जाळतो. थव्यात झोपतो. थंडी हळूहळू वाढत गेल्यानं अंगावर पिसांची दाटी झालेली असते. घरात वाढलेल्याला यातलं काही नसतं. त्याला भांड्यातला दाणा माहीत, गवताच्या कणसातला माहीत नाही. जानेवारीत आपल्याकडे दुपारी ३० अंश आणि पहाटे ८, या फरकाला त्याचं शरीर सरावलेलं नाही. त्यात केळीची बाग म्हणजे पहाटे दवानं निथळणारी पानं. पिसं भिजली की त्यातली अडकलेली हवा जाते आणि पिसांचं पांघरूण निकामी होतं. ९० ग्रॅमच्या जिवाला उपाशीपोटी, ओल्या अंगानं अशा दोन रात्री काढणं कठीण जातं. थंडी निमित्त होते. मारते ती भूक.

जगलं तरी शिक्रा आहे, कावळे आहेत, मांजर आहे. संक्रांतीचे दिवस म्हणजे झाडाझाडांवर मांजा. शिवाय पाळीव पोपटांत चोच नि पिसं झडवणारा एक विषाणूजन्य रोग असतो. असा पक्षी सोडून आपण तो सातपुड्यातल्या टुईया नि कंठवाल्या पोपटांच्या दारात नेऊन ठेवू शकतो. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची भावना खरी आहे आणि रानपाखरासाठी ती शंभर टक्के बरोबर आहे. या पाखराला मोकळं सोडणं म्हणजे त्याला टाकून देणं, एवढं समजावून सांगा, त्यांना पटेल.

कायद्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं ते दुसऱ्या पक्ष्याबद्दल खरं आहे. आपला हिरवा कंठवाला पोपट, करण पोपट, टुईया, मुनिया हे सगळे इथले रानपक्षी; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, मग ते आठवडे बाजारात कितीही उघड मिळोत. परदेशी पक्ष्यांचं वेगळं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिनं साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी जाती चौथ्या अनुसूचीत आणल्या आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्या बाळगणाऱ्यांना सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक केली. सन कोन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव हे त्यात येतात. कॉकाटील आणि बजरीगर त्या कराराच्या यादीत नाहीत, त्यामुळे तुमच्यावर नोंदणीचा बोजा नाही. तरी सापडल्याची तारीख, जागा आणि फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा, कुणी विचारलं तर दाखवायला बरं.

हात धुण्याचं मात्र मनावर घ्या. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला एक जंतू लागू शकतो, वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की ताप, कोरडा खोकला, क्वचित न्यूमोनिया होतो. औषधानं बरा होतो, पण डॉक्टरांना घरात पोपट आलाय हे सांगितलं नाही तर निदान चुकतं. खोकं साफ करताना कापड ओलं करून पुसा, झाडू नका, तोंडाला मास्क लावा. ज्या घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा दम्याचा रुग्ण आहे तिथे वेगळी खोली पाहा; कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी भुकटीही झडते. आणि तुमच्या कोंबड्यांपासून त्याला निदान ३० दिवस दूर ठेवा, आधी कोंबड्यांचं काम, मग याचं, असा क्रम धरा. देशातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच खानदेशात, नवापूरला, आणि २०२१ मध्ये तिथे तो पुन्हा आला. तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनी काय सोसलं ते मला कुणी सांगायला नको. एका पाळीव कॉकाटीलपासून तसा धोका कमी आहे, पण सवय तीच हवी. परिसरात एकदम बरीच पाखरं मेलेली दिसली तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

दवाखान्याचं म्हणाल तर उद्याच न्या, ऊब कायम ठेवून, खोक्यासकट. तालुक्याच्या डॉक्टरांचा हात गायी-म्हशींवर बसलेला असतो, तरी जखम, हाड, श्वास ते नीट पाहू शकतात आणि पक्ष्यांचं काम करणाऱ्याशी फोनवर बोलून मात्रा ठरवू शकतात. पोल्ट्रीच्या दुकानातली प्रतिजैविकाची पुडी मनानं पाण्यात टाकू नका. ९० ग्रॅमच्या पक्ष्याची मात्रा चिमटीनं ठरत नाही.

तोवर तुम्हाला घरी करता येण्याजोगी दोन निरीक्षणं आहेत, आणि तीच सगळ्यात कामाची. एक, छाती. पाखरू हातात घेऊन छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूला मांस भरलेलं असेल तर ते नुकतंच सुटलंय. हाड सुरीच्या धारेसारखं लागत असेल तर बरेच दिवस उपाशी भटकतंय, मग दवाखान्याला उद्यापर्यंत थांबू नका. दोन, विष्ठा. खोक्यात कापडावर पांढरा साधा कागद अंथरा म्हणजे नीट दिसेल. निरोगी विष्ठेत तीन भाग असतात: घट्ट हिरवट-तपकिरी, त्यावर पांढरं, आणि भोवती थोडं पाणी. नुसता गडद हिरवा, थोडासा, चिकट ठिपका म्हणजे आतडं रिकामं आहे, फक्त पित्त येतंय. दाण्याची टरफलं पडलेली दिसली म्हणून खाल्लं असं धरू नका. कधी कधी ते नुसतं कुरतडतं. खरं काय ते विष्ठा सांगते.

मालक शोधताना एक काळजी घ्या. गावच्या ग्रुपवर टाका, आजूबाजूच्या गावांतल्या किराणा नि पक्ष्यांच्या दुकानांत सांगून ठेवा, पण फोटो टाकू नका आणि सगळं वर्णन देऊ नका. ‘पाळीव पाखरू सापडलंय, ज्याचं असेल त्यानं ओळख पटवावी’ एवढंच. हा पक्षी विकला जातो, त्यामुळे खोटे मालक येतात. खऱ्याला कडीवरचा आकडा, शेपटीखालचा रंग, सुटल्याची तारीख सांगता येईल; बहुतेकांकडे जुना फोटो असतो. नर कॉकाटील घरात ऐकलेली धून शिट्टीनं वाजवतात. बरं वाटलं की तुमचाही वाजवेल. मालकाला ती कोणती हे विचारा.

पंधरा दिवसांत कुणी आलं नाही तर ठेवायचं की द्यायचं ते ठरवा. ठेवणार असाल तर १५ ते २० वर्षांची जबाबदारी आहे, हे घरात सगळ्यांसमोर बोलून घ्या. पिंजरा दोन फूट तरी लांब हवा, उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, आणि दोन गजांत अर्ध्या इंचाहून जास्त फट नको. नुसत्या दाण्यावर यकृत खराब होतं, म्हणून मेथी, शेवग्याची पानं, किसलेलं गाजर रोज थोडं. मीठ, चहा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेण पिंजऱ्यात अडकवा, काष्ठौषधीच्या दुकानात अख्खं मिळतं. रात्री दहा-बारा तास झोप, पण पूर्ण काळोख नको; मिणमिणता दिवा असला की ते दचकून धडपडत नाही. आणि दिवसातून तासभर तरी कुणीतरी त्याच्याशी बोलायला हवं. ते जमणार नसेल तर आधीच कॉकाटील असलेल्या घरात द्या, तिथे त्याचं बरं होईल.

आज रात्री झोपण्याआधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर छोट्या डब्यात बसवून वजन करा, उद्या सकाळी दाणा देण्याआधी पुन्हा करा. दोन्ही आकडे आणि कागदावरच्या विष्ठेचा फोटो मला पाठवा. वजन ७५ च्या खाली असेल किंवा रातोरात पाच-सहा ग्रॅमनं उतरलं असेल तर सकाळची वाट न पाहता फोन करा. नळीनं खाऊ घालावं लागेल, आणि ते घरी करायचं काम नाही.